लग्नाविना सहजीवन संपल्यावर दोघांच्या नावावरील घराची वाटणी कशी करावी?

नाइलाजाचा_मध्यस्थ

माझ्या ओळखीतील दोघे जण लग्न न करता बरीच वर्षे एकत्र राहत होते आणि आता समजुतीने वेगळे झाले आहेत. भांडण नाही, निदान अजून तरी नाही. पण दोघांच्या नावावर एक घर आहे, त्यावर दोघांच्या सहीचे कर्ज आहे, आणि त्याची वाटणी कशी करावी याबद्दल दोघांची मते जुळत नाहीत. दोघांनीही मला वेगवेगळे गाठून तोडगा सुचवण्यास सांगितले आहे.

त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणू. घर घेताना पदरची जी रक्कम भरावी लागली, तिच्यातील ७० टक्के अ यांनी आणि ३० टक्के ब यांनी भरली. उरलेल्या किमतीचे कर्ज दोघांनी मिळून काढले आणि हप्ते निम्मे निम्मे भरले. वेगळे झाल्यावर अ बाहेर पडले. ब तिथेच राहतात आणि तेव्हापासूनचे सगळे हप्ते एकटेच भरतात. खरेदीखतावर दोघांची नावे आहेत, पण कोणाचा हिस्सा किती हे कुठेही लिहिलेले नाही.

अ म्हणतात, घर ७०-३० वाटावे. ब म्हणतात, दोन नावे म्हणजे अर्धे-अर्धे. माझा स्वतःचा कल ब यांच्याकडे आहे, कारण ज्याला जास्त हिस्सा हवा होता त्याने तो खरेदीच्या वेळीच लिहून घ्यायला हवा होता. कोण स्त्री आणि कोण पुरुष हे मुद्दाम लिहिलेले नाही, आणि देशही सांगितलेला नाही, कारण मला आधी न्याय्य काय ते समजून घ्यायचे आहे.

उंबरठा

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी सुटे करावेत असे सुचवतो. मालकी कोणाची आणि किती, हा पहिला. कर्जाची जबाबदारी कोणाची, हा दुसरा. त्याचे उत्तर बँकेच्या करारात असते आणि मालकीच्या हिश्श्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही. घराचा ताबा सध्या कोणाकडे आहे आणि त्याचा मोबदला कोणी कोणाला द्यायचा, हा तिसरा. लोक बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नावरचा राग पहिल्या प्रश्नात ओततात, आणि मग 'मी हप्ते भरतो म्हणजे घर माझे' अशी विधाने ऐकू येतात.

तिरकस

निवाडा दिल्यावर दोघेही तुमच्याशी बोलायचे थांबतील. म्हणजे निदान त्या एका बाबतीत तरी त्यांचे एकमत झाले, असे समाधान मानता येईल.

दस्तऐवज

देश न सांगता तत्त्व विचारणे ठीक आहे, पण या विषयात देश बदलला की तत्त्वही बदलते. भारतापुरते सांगतो.

विवाहितांसाठी असलेले वैयक्तिक कायदे इथे लागू होत नाहीत, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने अ आणि ब हे केवळ दोन सहमालक आहेत. उद्या दोन मित्रांनी किंवा दोन व्यावसायिकांनी मिळून घर घेतले असते तर जे झाले असते तेच इथे होईल. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ४५ चा आशय असा की, दोघांनी आपापल्या पैशातून मालमत्ता घेतली असेल आणि आपसात वेगळा करार नसेल, तर ज्याने जितका पैसा घातला त्या प्रमाणात त्याचा हिस्सा धरायचा. कोणी किती घातला याचा पुरावाच नसेल तर हिस्से समान आहेत असे गृहीत धरायचे. त्यामुळे धागाकर्त्यांचे 'दोन नावे म्हणजे अर्धे-अर्धे' हे विधान भारतात पुरावा नसतानाच खरे ठरते. अ यांच्याकडे बँकेची विवरणपत्रे असतील तर त्यांचे म्हणणे सहज फेटाळता येणार नाही.

वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो. एका घराचे दोन भाग करता येत नाहीत, म्हणून वाटणी अधिनियम, १८९३ प्रमाणे निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्या सहमालकाच्या विनंतीवरून न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते, आणि अशा वेळी दुसऱ्या सहमालकाला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याची संधी मिळते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा उल्लेख पुढे कोणीतरी करणारच, म्हणून आधीच लिहितो. विवाहसदृश नात्यातील स्त्रीला त्या कायद्याने सामायिक घरात राहण्याचे संरक्षण मिळू शकते, आणि कोणते नाते विवाहसदृश धरायचे याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०१३ च्या निकालांत सांगितले आहेत. मात्र राहण्याचे संरक्षण वेगळे आणि मालकी वेगळी. त्या कायद्याने कोणाचा हिस्सा वाढत नाही.

नाइलाजाचा_मध्यस्थ

@दस्तऐवज, कलम ४५ मला माहीत नव्हते. म्हणजे ७०-३० बरोबर, असे समजायचे का?

दस्तऐवज

नाही. ७०-३० हे फक्त पदरच्या रकमेचे प्रमाण आहे. खरेदीच्या किमतीत कर्जाचा पैसाही होता, आणि ते कर्ज दोघांनी समान जबाबदारीवर घेतले होते. तो भाग विसरून काढलेले प्रमाण चुकीचे ठरेल.

सातासमुद्रापार

इंग्लंडमधील चित्र वेगळे आहे आणि तत्त्वाच्या दृष्टीने उद्बोधकही आहे. तिथे राहते घर दोघांच्या नावावर असेल आणि हिस्से लिहिलेले नसतील, तर सुरुवात समान हिश्श्यांपासून होते. ज्याला जास्त हवे त्याने दोघांचा हेतू वेगळा होता हे सिद्ध करायचे असते, आणि केवळ 'मी जास्त पैसे घातले' एवढ्याने ते सहसा सिद्ध होत नाही. २००७ च्या 'स्टॅक विरुद्ध डाउडेन' या निकालात हाउस ऑफ लॉर्ड्सने ही चौकट घातली. त्या खटल्यातील जोडप्याने आपले पैसे जवळजवळ सर्वच बाबतींत वेगळे ठेवले होते, म्हणून तिथे वाटणी ६५-३५ झाली.

त्याहून महत्त्वाचा २०११ चा 'जोन्स विरुद्ध कर्नॉट' हा निकाल. घर १९८५ मध्ये दोघांच्या नावावर घेतले गेले, १९९३ मध्ये जोडीदार बाहेर पडला आणि त्यानंतर बाईंनी मुलांसह तिथे राहून सारा भार एकटीने उचलला. खरेदीच्या वेळी हिस्से समानच होते हे मान्य असूनही सर्वोच्च न्यायालयाने ९०-१० ही वाटणी कायम केली, कारण वेगळे झाल्यानंतर दोघांचा हेतू बदलला होता असा निष्कर्ष त्यांच्या वागण्यातून निघत होता. अर्थात तिथे मधला काळ फार मोठा होता. दोनचार वर्षे हप्ते भरल्याने असे होत नाही.

आणखी एक गोष्ट: अमुक वर्षे एकत्र राहिले की आपोआप पती-पत्नीसारखे हक्क मिळतात, ही समजूत इंग्लंडमध्ये घट्ट रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे.

बाराखडी

वरील सर्व चर्चेत 'पैसा कोणी घातला' हाच एक निकष धरला जातो आहे, त्याला माझा ठाम विरोध आहे. ब यांनी इतकी वर्षे घरखर्च किती उचलला, आजारपणे कोणी काढली, एकाची नोकरी सुटली तेव्हा दुसऱ्याने काय केले, हे कोणत्याही बँकेच्या विवरणपत्रात दिसत नाही. एक जण हप्ता भरू शकतो, कारण बाकीचा सगळा खर्च दुसरा भरत असतो.

हा केवळ भावनेचा मुद्दा नाही. न्यूझीलंडमध्ये १९७६ च्या मालमत्ताविषयक कायद्याची कक्षा २००२ पासून अविवाहित जोडप्यांपर्यंत वाढवण्यात आली, आणि साधारणपणे तीन वर्षे एकत्र राहिलेल्यांच्या बाबतीत राहते घर समान वाटायचे हा नियम आहे. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक भागात १ मार्च २००९ पासून अविवाहित जोडप्यांची मालमत्ताही कौटुंबिक कायद्याखाली येते, आणि तिथे गृहकृत्ये व मुलांचे संगोपन यांची गणना योगदान म्हणून होते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या 'केर विरुद्ध बरानो' निकालात 'संयुक्त कौटुंबिक उपक्रम' अशी संकल्पना मांडली: दोघांच्या एकत्र प्रयत्नांतून संपत्ती वाढली असेल, तर ती एकट्याकडेच राहणे अन्यायकारक ठरू शकते. एवढे देश ज्या गोष्टीला योगदान मानतात, तिला आपण शून्य किंमत द्यायची का?

उंबरठा

@बाराखडी, तत्त्व मान्य आहे, पण उलट बाजूही पाहावी. लग्न न करणाऱ्यांपैकी कित्येक जण आपापल्या पैशावर आपापला हक्क राहावा म्हणूनच लग्न करत नाहीत. अशा दोघांवर ठरावीक मुदतीनंतर विवाहितांचे नियम लादणे म्हणजे त्यांनी जाणीवपूर्वक टाळलेली गोष्ट मागच्या दाराने त्यांच्या घरात आणणे होय.

बाराखडी

जाणीवपूर्वक दोघांनी टाळली की एकाने टाळली आणि दुसऱ्याने मान्य केली, हे कोण ठरवणार? शिवाय न्यूझीलंडमध्ये हा नियम नको असणाऱ्यांना वेगळा करार करण्याची मुभा आहे. फक्त तो लेखी हवा आणि दोघांनी स्वतंत्र वकिलांचा सल्ला घेतलेला हवा. काहीच न केल्यास कमकुवत बाजू उघडी पडू नये, एवढीच त्यामागची अपेक्षा आहे.

तिरकस

मांजराचा विषय अजून कोणी काढला कसा नाही? कित्येक ठिकाणी कायद्याच्या दृष्टीने तीही जंगम मालमत्ताच असते, आणि माझ्या निरीक्षणाप्रमाणे तिच्या बाबतीत ७०-३० कोणालाच मान्य होत नाही.

हिशेबनीस

तत्त्वांची चर्चा चालू राहू द्यावी, पण प्रत्यक्षात वाद केवढ्याचा आहे हे कोणी मोजले आहे का? धागाकर्त्यांनी आकडे दिलेले नाहीत, म्हणून सोयीसाठी मी गृहीत धरतो.

समजा, घर ८० भागांना घेतले. पदरचे २० भाग, त्यात अ यांचे १४ आणि ब यांचे ६. कर्ज ६० भाग. आज घराची किंमत १०० भाग आहे आणि कर्ज फिटत फिटत ४० भाग उरले आहे. म्हणजे कर्ज वजा जाता वाटणीला ६० भाग आहेत.

ब यांच्या म्हणण्याप्रमाणे निम्मे केले तर प्रत्येकी ३०. अ यांच्या म्हणण्याप्रमाणे ६० चे ७०-३० केले तर अ यांना ४२ आणि ब यांना १८. ही दोन टोके झाली.

आता मधले मार्ग पाहू. ज्याने पदरचे जितके घातले तितके त्याला आधी परत द्यायचे आणि उरलेले निम्मे करायचे, असे केल्यास अ यांना १४ अधिक २०, म्हणजे ३४, आणि ब यांना २६ मिळतात. कलम ४५ च्या धर्तीवर खरेदीच्या पैशाचे प्रमाण काढायचे आणि कर्ज निम्मे निम्मे धरायचे, तर अ यांचे ४४ आणि ब यांचे ३६, म्हणजे ५५-४५ टक्के. आजच्या १०० भागांवर ते लावून प्रत्येकाच्या वाट्यातून निम्मे कर्ज वजा केले की अ ३५ आणि ब २५. तिसरा मार्ग म्हणजे पदरची रक्कम आणि आजवर फेडलेले मुद्दल यांची बेरीज करून त्या प्रमाणात वाटायचे: अ यांचे २४, ब यांचे १६, म्हणून ६० मधून ३६ आणि २४.

थोडक्यात, कर्ज दोघांचे होते ही गोष्ट एकदा मान्य केली की कोणत्याही मार्गाने अ यांचा आकडा ३४ ते ३६ च्या आसपासच येतो. अर्धे-अर्धे आणि ७०-३० यांच्यात १२ भागांचे अंतर दिसत असले, तरी खरा वाद दोन भागांचाच आहे, आणि दोन भागांसाठी वकिलांची फी किती होईल हे ज्याचे त्याने पाहावे.

दस्तऐवज

अनुमोदन. वकील असूनही.

उंबरठा

हिशेब उत्तम आहे, पण एक दुरुस्ती हवी. फेडलेले २० भाग मुद्दल दोघांनी समान भरले असे तुम्ही धरले आहे; वेगळे झाल्यानंतरचे हप्ते मात्र ब एकटेच भरत आहेत. समजा त्या काळात ४ भाग मुद्दल फिटले. ते ओझे दोघांचे होते, म्हणून अ यांनी ब यांना २ भाग देणे लागतात. म्हणजे पहिल्या मधल्या मार्गाने अ ३२ आणि ब २८.

त्याच काळात ब यांनी भरलेल्या व्याजाचे काय, हा प्रश्न उरतो. इंग्लंडच्या न्यायालयांत पूर्वीपासून एक सोपी वहिवाट आहे: जो घरात राहिला त्याने दुसऱ्याला राहण्याचा मोबदला द्यायचा असतो, आणि त्याने भरलेले व्याज त्या मोबदल्यापोटी वळते करायचे. दोन्ही आकडे बहुधा जवळपास असतात, त्यामुळे महिन्यामहिन्याचा हिशेब मांडत बसावे लागत नाही. अ यांनी घर स्वखुशीने सोडले की त्यांना राहणे अशक्य झाले, यावरही तो मोबदला द्यायचा की नाही हे अवलंबून असते.

नवखी_वाचक

वाचनखूण साठवली आहे. एक शंका: घर एकाच्याच नावावर असते आणि पैसे दोघांनी घातले असते तर?

दस्तऐवज

मग सगळे फार अवघड झाले असते. भारतात १९८८ चा बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायदा आडवा येतो. आपल्या ज्ञात उत्पन्नातून पती किंवा पत्नीच्या किंवा मुलांच्या नावाने मालमत्ता घेण्यास त्यात सूट आहे. लग्न न केलेल्या जोडीदाराचे नाव त्या सवलतीत नाही. त्यामुळे 'नाव त्यांचे, पण पैसे माझे' असा दावा करणारा आपला हक्क मिळवण्याऐवजी स्वतःच अडचणीत येऊ शकतो. तो पैसा कर्जाऊ दिला होता असे लेखी असेल तर गोष्ट वेगळी.

पाऊलवाट

मी या सगळ्यातून गेले आहे, म्हणून कर्जाबद्दल लिहिते, कारण त्याचा विचार लोक शेवटी करतात. आमचे हिस्से एका संध्याकाळीच ठरले. त्यानंतर माझे नाव कर्जातून काढण्यासाठी बँकेकडे गेलो, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले की, दोन पगारांच्या भरवशावर दिलेले कर्ज आम्ही एका पगाराच्या भरवशावर का ठेवावे? बँकेचे काही चुकलेही नव्हते. सहकर्जदार म्हणून सही केली की प्रत्येक जण पूर्ण कर्जाला जबाबदार असतो, निम्म्याला नव्हे. आणि आपसातील कोणताही कागद बँकेवर बंधनकारक नसतो.

शेवटी घर ठेवणाऱ्याने एकट्याच्या नावावर नवे कर्ज काढून जुने फेडले, तेव्हा माझी सुटका झाली. तोपर्यंत मला स्वतःसाठी कर्ज मिळत नव्हते, कारण माझ्या नावावर ते जुने ओझे पूर्ण दिसत होते. म्हणून ब यांना घर ठेवायचे असेल, तर एकट्याच्या उत्पन्नावर त्यांना कर्ज मिळते का हे आधी पाहावे. मिळत नसेल तर ३२ की ३५ ही चर्चा व्यर्थ आहे. घर विकावेच लागेल.

सातासमुद्रापार

पाऊलवाट यांचा प्रतिसाद धाग्याच्या वरती चिकटवून ठेवावा.

दस्तऐवज

त्याला जोडून भारतातील खर्चाच्या दोन गोष्टी. हिस्सा सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा खरेदीखत लागते. साध्या कागदावरील सह्यांनी स्थावर मालमत्तेचा हिस्सा सरकत नाही. जवळच्या नातलगांमधील काही दस्तांवर अनेक राज्ये मुद्रांक शुल्कात मोठी सवलत देतात, पण नातलगांच्या त्या यादीत अविवाहित जोडीदार नसतो, त्यामुळे हिश्श्याच्या बाजारभावावर शुल्क भरण्याची तयारी ठेवावी.

दुसरी गोष्ट, मन मोठे करून 'मला काही नको, सगळे तूच ठेव' असे म्हणण्यापूर्वी कर सल्लागाराला भेटावे. प्राप्तिकराच्या व्याख्येत अविवाहित जोडीदार नातलग नसल्यामुळे फुकट मिळालेला हिस्सा घेणाऱ्याचे करपात्र उत्पन्न ठरू शकतो. दिलदारपणाची पावती दुसऱ्याला करमागणीच्या रूपाने मिळते.

तिरकस

म्हणजे सूड घ्यायचा असेल तर भेट द्यावी.

बाराखडी

@हिशेबनीस, तुमच्या तिन्ही मार्गांत घरखर्च कुठेच नाही हे मी विसरलेले नाही. ब यांनी खर्चाचा मोठा भाग उचलला असेल तर ३४ हा आकडाही अ यांना झुकते माप देणारा आहे.

हिशेबनीस

@बाराखडी, मान्य. पण मग अ यांच्या घरखर्चाचाही हिशेब काढावा लागेल, आणि भूतकाळातील किराणा मोजायला बसलेले दोघे समजुतीने वेगळे झालेले राहत नाहीत. ज्या खर्चाचा उपभोग दोघांनी घेतला तो सोडून द्यावा, आणि ज्यातून घराची किंमत वाढली (मोठी दुरुस्ती, वाढवलेली खोली) तोच मोजावा, असे मी सुचवेन. अपवाद एकच: एकाने दुसऱ्यासाठी नोकरी सोडली असेल किंवा मुले सांभाळली असतील, तर तो किराणा नव्हे, आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

नाइलाजाचा_मध्यस्थ

सर्वांचे आभार. हिशेबनीस आणि उंबरठा यांचे आकडे खऱ्या रकमांवर लावून दोघांना दाखवले. अ यांनी ७०-३० चा हट्ट सोडला आहे, आणि ब यांनी पदरची रक्कम आधी परत करण्याचे तत्त्व मान्य केले आहे. माझे 'दोन नावे म्हणजे अर्धे' हे मतही आता तितके पक्के राहिलेले नाही. नोकरी सोडणे किंवा मुले हे प्रश्न त्यांच्या बाबतीत नाहीत. ब यांनी कर्जासाठी चौकशी सुरू केली आहे. आता अडले आहे ते घराच्या आजच्या किमतीवर: ब यांना ती कमी वाटते, अ यांना जास्त.

उंबरठा

साहजिक आहे, घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला एकच घर वेगळे दिसते. दोघांनी मिळून एकच नोंदणीकृत मूल्यनिर्धारक नेमावा आणि तो जो आकडा देईल तो मान्य करू असे आधीच लिहून द्यावे, किंवा प्रत्येकाने एक नेमून दोन आकड्यांची सरासरी घ्यावी. कोणत्या तारखेची किंमत धरायची हेही लिहावे, नाहीतर हक्कसोडपत्र लांबले की वाद पुन्हा उभा राहतो.

सातासमुद्रापार

आणखी एक पद्धत आहे. एकाने किंमत सांगायची आणि त्या किमतीला घ्यायचे की द्यायचे हे दुसऱ्याने ठरवायचे. मग सांगणारा आपोआप वाजवी आकडा सांगतो.

पाऊलवाट

ती पद्धत दोघांची ऐपत सारखी असेल तरच वाजवी आहे. दुसऱ्याला विकत घेणे परवडणार नाही हे ठाऊक असलेला माणूस मुद्दाम कमी किंमत सांगू शकतो. इथे तर घर कोण ठेवणार हे ठरलेलेच आहे, त्यामुळे मूल्यनिर्धारक बरा.

दस्तऐवज

मूल्यनिर्धारकाची वाट पाहत असताना दोघांनी आपापले मृत्युपत्र मात्र तपासावे. भारतात अशा सहमालकाचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो, आणि मृत्युपत्र नसेल तर ब यांना उरलेली बोलणी अ यांच्या आईवडिलांशी करावी लागतील, किंवा अ यांना ब यांच्या. इंग्लंडमध्ये घर 'संयुक्त' पद्धतीने घेतले असेल तर याच्या उलट घडते, म्हणजे एकाच्या मृत्यूनंतर संपूर्ण घर दुसऱ्याचे होते. ते नको असल्यास दुसऱ्या सहमालकाला लेखी नोटीस देऊन ती संयुक्तता तोडता येते. तुमचे दोघे कोणत्या देशात आहेत ते अजूनही सांगितलेले नाही, म्हणून दोन्ही लिहिले.

नाइलाजाचा_मध्यस्थ

भारतातच आहेत. मृत्युपत्राचा विषय आज संध्याकाळी दोघांकडेही काढतो; मूल्यनिर्धारकाच्या नावावर एकमत झाले की इथे कळवेन.

तिरकस

आणि मांजर?

नाइलाजाचा_मध्यस्थ

मांजर ब यांच्याकडे. त्यावर वाद झाला नाही, कारण अ यांना तिची ॲलर्जी आहे.